भिंतीपलीकडचे हरीण

पेकिंगच्या दक्षिण वेशीतून बाहेर पडले की काही मैलांवर चिनी बादशहांचे शिकारीचे रान लागत असे. नान हायझी हे त्याचे नाव. दलदल, तळी, गवताळ माळ आणि मधून मधून झाडी असे ते रान होते आणि त्याच्याभोवती सुमारे ४५ मैल लांबीची भिंत होती. दरवाज्यांवर शिपायांचा खडा पहारा. युआन, मिंग आणि चिंग अशा तीन राजवटींतल्या बादशहांनी तेथे शिकारीचा शौक केला. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला खुद्द बादशाहीचीच शिकार होण्याची वेळ आली होती. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजा पेकिंगमध्ये घुसल्या, त्यांनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला आणि मनासारखा तह करून घेतला. त्या तहामुळे ख्रिस्ती पाद्र्यांना चीनच्या अंतर्भागात हिंडण्याची, जमिनी घेण्याची मुभा मिळाली. असा मुभा मिळालेला एक फ्रेंच पाद्री १८६५ मध्ये नान हायझीच्या भिंतीपाशी आला आणि त्याने आत डोकावून पाहिले.

आत, बरेच दूर, शंभराहून अधिक जनावरांचा एक कळप चरत होता. पहिल्या नजरेला ती सांबरासारखी वाटली. पण शेपूट गाढवासारखे लांब आणि टोकाला गोंडा असलेले. तोंड घोड्यासारखे लांबुडके. खूर गाईच्या खुरांसारखे रुंद आणि फाकलेले. शिंगे तर विलक्षणच. साऱ्या हरणांच्या शिंगांचे फाटे पुढे वळतात, याच्या शिंगाचा लांब फाटा मागे गेलेला. एखाद्याने शिंगे काढून उलटी बसवली असावीत असे. चिनी लोक या जनावराला जे नाव देत त्याचा अर्थ, चार जनावरांसारखे दिसणारे आणि चौघांपैकी एकासारखेही नसणारे, असा होतो. ग्रंथांतले जुने नाव मीलू. हे जनावर मारणाऱ्याला देहदंड आहे, असे पाद्र्याला सांगण्यात आले.

या पाद्र्याचे नाव आर्मां दाविद. पुढे या हरणाला त्यांचे नाव मिळाले आणि प्राणिसंग्रहालयांच्या पाट्यांवर ते आजही वाचायला मिळते. चीनमध्ये राहिलेल्या हजारो युरोपीयांपैकी ज्यांचे नाव चिनी माणूस आपुलकीने घेतो असे थोडे आहेत, त्यांत यांचा समावेश करावा लागेल. अर्थात ही आपुलकी सरळसोट नाही, आणि ती तशी का नाही हेच मला या चरित्रात महत्त्वाचे वाटते.

दाविद यांचा जन्म ७ सप्टेंबर १८२६ चा. गाव एस्पलेत. फ्रान्सच्या नैऋत्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, बास्क लोकांच्या मुलखात हे गाव आहे. घरांच्या पांढऱ्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत घालतात म्हणून ते प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या माणसाला तेथे फार परके वाटू नये. वडील डॉक्टर होते, गावचे कारभारीही होते आणि त्यांना झाडापाखरांची आवड होती. मुलाने त्यांच्याबरोबर डोंगर तुडवले. किडे, फुलपाखरे, पाने गोळा करण्याचा नाद तिथेच लागला. पाद्री व्हायचे हेही लहान वयातच ठरले. या दोन ओढींमध्ये आयुष्यभर भांडण झाले असेल असे आपल्याला वाटते, पण तसे काही दिसत नाही. ईश्वराने निर्माण केलेले जे जे आहे ते पाहणे हाही उपासनेचाच भाग, अशी त्यांची साधी समजूत होती आणि ती शेवटपर्यंत टिकली.

१८४८ मध्ये ते लाझारिस्ट या मिशनरी संघात दाखल झाले. चीनला जायचे होते, पण संघाने पाठवले इटलीत, साव्होना येथील शाळेत शास्त्रविषय शिकवायला. दहा वर्षे तेथे गेली. एखादा कुढला असता. दाविद मुलांना घेऊन समुद्रकाठी आणि डोंगरात भटकत राहिले. त्या मुलांतला जाकोमो दोरिया पुढे जिनोआच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संस्थापक झाला आणि लुईजी दालबेर्तिसने न्यू गिनीच्या अंतर्भागात संशोधन केले. मास्तर म्हणून एवढी कमाईही एका जन्माला पुरे होती.

चीनचे बोलावणे १८६१ च्या सुमारास आले. पेकिंगमध्ये फ्रेंच शाळा काढायची होती आणि शास्त्र शिकवणारा माणूस हवा होता. निघण्यापूर्वी पॅरिसमध्ये स्तानिस्लास ज्युलियाँ या चिनी भाषेच्या मोठ्या पंडिताने त्यांची गाठ तेथल्या शास्त्रज्ञांशी घालून दिली. त्यांत राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाचे आंरी मिल्न-एदवार्स होते. चीनचे प्राणी आणि वनस्पती यांच्याबद्दल युरोपला फार थोडे ठाऊक होते. नमुने पाठवा, असे या मंडळींनी सांगितले. १८६२ च्या उन्हाळ्यात दाविद पेकिंगला पोहोचले तेव्हा त्यांचे वय ३५ होते. एक काम त्यांच्या संघाने दिलेले, दुसरे संग्रहालयाने. शाळेच्या आवारात त्यांनी एक छोटे संग्रहालय मांडले, आणि ते पाहायला चिनी अधिकारी येऊ लागले. नमुने पॅरिसला पोहोचले तेव्हा तेथली मंडळी इतकी खूश झाली की त्यांनी सरळ संघाच्या प्रमुखांकडे शब्द टाकला: या माणसाला शिकवण्याच्या कामातून मोकळे करा. संघाने ते मान्य केले, हेही विशेषच म्हणायचे.

आता पुन्हा त्या भिंतीकडे. मीलू एकदा पाहिल्यावर दाविद स्वस्थ बसणे शक्य नव्हते. सरळ मार्गाने परवानगी मिळेना. तेव्हा त्यांनी पहारेकऱ्यांशी संधान बांधले. देहदंडाची शिक्षा कागदावर होती. प्रत्यक्षात पहारेकरी अधूनमधून हरणाचे मांस खात आणि शिंगे विकत असत, हे त्यांना कळले होते. जानेवारी १८६६ मध्ये पैसे मोजून दोन कातडी त्यांच्या हाती आली, एक मादीचे आणि एक कोवळ्या नराचे. लाच दिली, असे स्पष्टच म्हणायला हवे. त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत हा भाग थोडा गमतीने रंगवलेला असतो. पण ज्या देशाची राजधानी सहा वर्षांपूर्वी परक्या फौजांनी लुटली, त्या देशातला कायदा एका परक्या धर्मगुरूने पैशाने वाकवला, ही गोष्ट नुसती गमतीची नाही. पुढे फ्रेंच वकिलातीने दरबाराकडे लकडा लावून काही जिवंत जनावरेही मिळवली. कातडी पॅरिसला पोहोचली आणि त्याच वर्षी आंरी यांचे चिरंजीव आल्फोंस मिल्न-एदवार्स यांनी या हरणाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले एलाफुरस डेव्हिडिआनस. मग इतर देशांच्या वकिलातींनाही हे हरीण हवेसे झाले. लंडन, बर्लिन आणि इतर ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत जोड्या रवाना झाल्या.

दाविद यांनी या हरणाचा शोध लावला असे म्हणण्याची रीत आहे. ती फार खरी नाही. चिनी माणसाला मीलू हजारो वर्षे माहीत होता. हिवाळ्यात, दिवस सर्वांत लहान असतो त्या सुमारास मीलूची शिंगे गळतात, असे चीनच्या जुन्या पंचांगात लिहिलेले होते. १७६७ मध्ये चियेनलुंग बादशहाला शंका आली की कोणत्या हरणाची शिंगे नेमकी कधी गळतात. त्याने नान हायझीला माणूस पाठवून खात्री करून घेतली, हिवाळ्यात शिंगे गाळणारे जनावर तेथे खरोखरच सापडले आणि बादशहाने या विषयावर एक टिपण लिहून पंचांगात दुरुस्ती करायला लावली. म्हणजे दाविद यांच्या जन्माआधी साठ वर्षे एक माणूस त्याच रानात त्याच हरणाकडे बारकाईने पाहून गेला होता. दाविद यांनी जे केले ते वेगळे. हे हरीण जगात दुसरीकडे कुठेही नाही, रानातून ते नाहीसे झालेले आहे आणि उरलेले सारे या एका भिंतीच्या आत आहे, हे त्या पाहण्याचे महत्त्व युरोपच्या लक्षात आले ते त्यांच्यामुळे. पूर्व चीनच्या नद्यांकाठच्या दलदली हे मीलूचे घर. त्या दलदलीत शेते झाली, माणसे वसली, आणि हरीण गेले. बादशहाच्या शिकारीच्या हौसेने शेवटचा कळप राखला गेला होता.

१८६६ च्या मार्चमध्ये दाविद पहिल्या मोठ्या प्रवासाला निघाले, मंगोलियाकडे. हुक आणि गाबे हे दोन फ्रेंच पाद्री १८४६ मध्ये ल्हासाला पोहोचले होते. त्यांना साथ देणारा मंगोल वाटाड्या आता म्हातारपणाकडे झुकला होता, तो बरोबर आला. प्रवास खडतर झाला आणि मुलूख रखरखीत होता, तरी तेथून पाठवलेल्या नमुन्यांत एक पिवळसर उंदीर होता. मंगोलियन जर्बिल म्हणून हा उंदीर आज जगभर मुले घरी पाळतात आणि प्रयोगशाळांत वापरतात. असो. खरी श्रीमंती पुढच्या प्रवासात होती.

मे १८६८ मध्ये पेकिंग सोडून ते यांगत्से नदीने वर चढत गेले आणि फेब्रुवारी १८६९ च्या अखेरीस मूपिन नावाच्या डोंगरी संस्थानात पोहोचले. सिच्वान प्रांताच्या पश्चिमेला, जेथे चीनची सपाटी संपते आणि तिबेटचे पहाड सुरू होतात, तेथे हे ठिकाण आहे. आज त्याला बाओशिंग म्हणतात. दुसऱ्या एका फ्रेंच मिशनने तेथील दरीत लाकडी शाळा बांधली होती. छळाच्या काळात लपून राहता यावे म्हणून इतक्या आडजागी. दाविद तेथे सुमारे नऊ महिने राहिले. भोवती बर्फाची शिखरे, खाली बांबूची दाट बेटे, सतत धुके आणि पाऊस. डोंगर इतके उभे की हातापायांनी चढावे लागे. एकदा वाट चुकून ते आणि त्यांचा सोबती बर्फाळ कड्यांत अडकले होते आणि जीव वाचतो की नाही अशी वेळ आली होती.

११ मार्च १८६९ रोजी अशाच भटकंतीवरून परतताना ली नावाच्या एका जमीनदाराने त्यांना घरी चहाला बोलावले. तेथे त्यांनी एक कातडे पाहिले. पांढरे, आणि पाय, कान, डोळ्यांभोवतीचा भाग काळा. डोंगरातले लोक त्याला पांढरे अस्वल म्हणत. असे जनावर कोणत्याही पुस्तकात नाही, हे दाविद यांना तत्काळ कळले. कारण पुस्तके त्यांना पाठ होती. शिकाऱ्यांनी सांगितले, आणून देतो. २३ मार्चला त्यांनी एक पिल्लू आणले. जिवंत पकडले होते, पण वाहून आणायला सोपे जावे म्हणून वाटेत मारले. किंमत चांगलीच लावली. १ एप्रिलला पूर्ण वाढलेले एक जनावर मिळाले. दाविद यांनी वर्णन लिहून पाठवले आणि हे अस्वलच आहे असे ठरवून लॅटिन नाव सुचवले. पॅरिसमध्ये आल्फोंस मिल्न-एदवार्स यांनी हाडे आणि दात तपासले आणि हे अस्वल नव्हे, लाल पांडाचे भाऊबंद आहे असे मत देऊन १८७० मध्ये वेगळी प्रजाती मांडली. हा वाद शंभर वर्षांहून अधिक चालला. शेवटी जनुकांच्या तपासणीने निकाल दिला की ते अस्वलच. डोंगरातल्या लोकांचे आणि दाविद यांचे बरोबर होते.

जायंट पांडा जगाला कळला तो असा. आज हे जनावर इतके परिचित आहे की त्याचे चित्र पाहिले नाही असे मूल सापडणार नाही. १९६१ पासून ते वन्यजीव संरक्षणाच्या जागतिक संघटनेचे बोधचिन्ह आहे. पण दाविद यांनी जिवंत पांडा रानात हिंडताना पाहिला नाही. जे त्यांच्या हाती आले ते मेलेले होते. त्यानंतरची साठ वर्षे परदेशी शिकारी त्या डोंगरांत पांडाच्या मागे होते, आणि १९२९ मध्ये अमेरिकेच्या माजी अध्यक्षांच्या दोन मुलांनी, थिओडोर धाकटे आणि कर्मिट रूझवेल्ट यांनी, एक मारला तेव्हा त्याची मोठी वाहवा झाली. दाविद यांच्या वर्णनानेच हे सारे तेथपर्यंत गेले. दोष त्यांना द्यावा असे मला वाटत नाही. पण वस्तुस्थिती नोंदवायला हवी.

मूपिनच्या त्या नऊ महिन्यांत आणखी काय काय हाती आले! सोनेरी केसांचे, निळ्या तोंडाचे, नाक वर उचललेले एक माकड. बर्फात राहणाऱ्या या माकडाचे चित्र जुन्या चिनी भांड्यांवर असे आणि युरोपीय ते कल्पनेतले समजत. त्याला मिल्न-एदवार्स यांनी सुलतान सुलेमानच्या रोक्सलाना बेगमेचे नाव दिले, कारण तिचे नाक असेच होते म्हणे. शास्त्रज्ञही कधी कधी गंमत करतात. शिवाय एक झाड. मे महिन्यात या झाडाला पांढऱ्या, लोंबत्या पानांच्या जोड्या येतात, त्या वाऱ्यावर हलल्या की झाडावर कबुतरे बसल्यासारखी वाटतात. त्या झाडाचे नावच डेव्हिडिया ठेवले गेले. पाखरे आणि किडे किती याची मोजदाद येथे करत नाही.

माझी बरीच वर्षे बँकेच्या खतावण्यांत गेली, त्यामुळे असेल, पण मला या माणसाच्या नोंदींचे फार अप्रूप आहे. त्यांच्या रोजनिश्या पुढे छापल्या गेल्या. रोजची तारीख, उष्णतामान, वारा, ठिकाणाची उंची, कोणते पाखरू दिसले, कोणते दिसायला हवे होते पण दिसले नाही, कोणाला काय दिले. दिवसभर डोंगर चढून, संध्याकाळी कातडी सोलून, ती आर्सेनिक लावून सुकत घातल्यावर, मिणमिणत्या दिव्याखाली हा हिशेब लिहायचा. सामान फार थोडे बाळगत; खाणे जे त्या त्या गावात मिळेल ते. बंदूक असे, आणि परक्याची बंदूक पाहून दरोडेखोरही बिचकत. ताप आणि जुलाब यांच्याविषयी एखादी ओळ, आणि लगेच पुन्हा पाखरे. आत्मप्रौढी अशी नाहीच. दिसले नाही याचीही नोंद करणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो, कारण हिशेबात शून्य लिहायला प्रामाणिकपणा लागतो.

प्रकृती ढासळल्यामुळे १८७० मध्ये ते युरोपला परतले. त्याच वर्षी जूनमध्ये त्येनत्सिन येथे जमाव खवळून फ्रेंच वकील, पाद्री आणि जोगिणी मारल्या गेल्या. अनाथालयात मुलांचा जीव घेतला जातो अशी अफवा पसरली होती. दहा वर्षांपूर्वीची लूट लोक विसरले नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. फ्रान्समध्येही युद्ध होते. तरी १८७२ मध्ये दाविद पुन्हा चीनमध्ये आले आणि तिसऱ्या प्रवासाला निघाले.

हा प्रवास सर्वांत कष्टाचा आणि, मला वाटते, सर्वांत महत्त्वाचा. सापडलेल्या प्राण्यांमुळे नव्हे. शेन्सी प्रांतातल्या चिनलिंग डोंगरांत हिंडताना त्यांना दिसले की जंगल तुटत चालले आहे. जेथे तेथे कुऱ्हाड आणि आग. मोठी झाडे तर गेलीच, त्यांच्या सावलीत वाढणारी झुडपे गेली, त्या झुडपांत राहणारे प्राणी गेले. याविषयी त्यांनी रोजनिशीत जे लिहिले ते १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाला कामाचे तेवढेच दोन-चार प्राणी आणि दोन-चार पिके उरणार, घोडा, डुक्कर, गहू, बटाटा यांखेरीज पृथ्वीवर काही राहणार नाही, अशी त्यांची भीती होती. आणि सृष्टीकर्त्याने एवढ्या तऱ्हांचे जीव निर्माण केले ते एकट्या माणसाने स्वार्थासाठी पुसून टाकावेत म्हणून नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे विचार शाळेच्या निबंधातही येतात. दीडशे वर्षांपूर्वी, जेव्हा जंगल तोडणे म्हणजेच सुधारणा असे युरोपातला बहुतेक शहाणा माणूस मानत होता, तेव्हा ते लिहिणे वेगळे होते. आणि लिहिणारा स्वतः बंदूक घेऊन पाखरे मारत हिंडत होता, हेही त्याच पानावर आहे. ही विसंगती त्यांना जाणवली असावी का? संग्रहालयासाठी एक नमुना आणि पोटासाठी किंवा पैशासाठी अख्खे रान, यांत फरक आहे, असे त्यांनी मनाशी धरले असावे. तो फरक खरा आहे. पण थोड्या उरलेल्या जनावरांच्या बाबतीत नमुन्याचाही हिशेब द्यावा लागतो, ही समज यायला अजून पुष्कळ काळ जायचा होता.

हान नदीत त्यांची होडी फुटली आणि महिन्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. पुढे फूच्येन प्रांताच्या डोंगरांत आजाराने इतके घेरले की मरणापूर्वीचे संस्कारही उरकले गेले. त्यातूनही वाचले. १८७४ मध्ये चीन सुटला तो कायमचा.

उरलेली २६ वर्षे पॅरिसमध्ये, संघाच्या मठात गेली. १८७७ मध्ये एमिल उस्ताले यांच्याबरोबर चीनच्या पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. मठातल्या तरुणांना शिकवले, तेथेही संग्रह मांडला. त्यांच्या नावाचे आणखी एक झुडूप युरोपभर पसरले, जांभळ्या तुऱ्यांचे बडलिया; फुलपाखरे त्यावर तुटून पडतात. बागेतून निसटून ते रेल्वेच्या कडेला, पडक्या भिंतींत, जागा मिळेल तेथे उगवू लागले आणि आज काही देशांत ते उपद्रवी तण ठरले आहे.

इकडे नान हायझीत काय झाले? १८९० नंतरच्या दशकाच्या मध्याला युंगतिंग नदीला महापूर आला आणि रानाची भिंत जागोजाग कोसळली. हरणे बाहेर पडली. बाहेर पुराने पिके गमावलेले, उपाशी शेतकरी होते. त्यांनी ती मारून खाल्ली. दुसरे काय करणार? वीस-तीस जनावरे कशीबशी उरली. मग १९०० साल उजाडले. परक्यांना हाकलण्यासाठी बॉक्सर बंडवाले उठले, पेकिंगच्या वकिलातींना आणि लाझारिस्टांच्या पेइतांग चर्चला वेढा पडला, आणि वेढा उठवायला आठ देशांच्या फौजा आल्या. त्यांत इंग्रजांच्या हिंदी पलटणीही होत्या. त्या धामधुमीत नान हायझीतल्या उरलेल्या हरणांचा निकाल लागला. ती फौजांच्या पोटात गेली. त्याच वर्षी, १० नोव्हेंबरला, आर्मां दाविद पॅरिसमध्ये वारले. वय ७४. ज्या देशात मीलू आढळत असे, तेथे तो संपल्यात जमा झाला आणि ज्याने तो जगाला दाखवला तो माणूसही गेला.

पण पहारेकऱ्यांना चारलेले पैसे आणि वकिलातींचा लकडा यांचे एक फळ शिल्लक होते. वेगवेगळ्या युरोपीय प्राणिसंग्रहालयांत तुरळक मीलू जिवंत होते. हर्ब्रँड रसेल या बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकने ते विकत घेऊन किंवा मागून आपल्या वोबर्न ॲबी येथील विस्तीर्ण आवारात एकत्र आणले. एकूण अठरा. त्यांतही सगळी पिल्ले देण्याजोगी नव्हती. आज जगात जेवढे मीलू आहेत ते या मूठभर जनावरांचे वंशज. पहिल्या महायुद्धात चाऱ्याची टंचाई होऊन कळप घटला. दुसऱ्या महायुद्धात सारी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून पुढच्या ड्यूकने जनावरे इतर संग्रहालयांना वाटायला सुरुवात केली.

हिशेब असा उलटा लागतो. दाविद यांनी बादशहाचा कायदा पाळला असता, परत फिरले असते, वकिलातींना त्या कळपाचे महत्त्व कळले नसते, तर मीलू १९०० मध्ये संपला असता. मात्र एवढ्यावरून लूट पुण्यप्रद ठरवण्याची घाई करू नये. ज्या फौजांनी कळप संपवला त्या त्याच व्यवहाराच्या पुढच्या हप्त्याच्या वसुलीला आल्या होत्या. आधी भिंत फोडायची आणि मग आतले वाचवल्याचे श्रेय घ्यायचे, असे युरोपच्या बाबतीत म्हणता येईल. दाविद यांच्या बाबतीत तसे म्हणवत नाही. त्यांना त्या हरणाचे मोल होते, आणि ते त्यांनी पहिल्या नजरेतच ओळखले होते. चिनी माणसाच्या आपुलकीत जी थोडी अढी आहे आणि जो आदर आहे, ती दोन्ही मला यथायोग्य वाटतात.

ऑगस्ट १९८५ मध्ये वोबर्नहून २२ मीलू विमानाने चीनला पाठवण्यात आले. दोन शांघायला गेले. वीस पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला, आणि तेथे त्यांना ठेवले ते नान हायझीच्याच उरलेल्या पाणथळ तुकड्यात. पुढल्या वर्षी आणखी ३९ जनावरे ब्रिटनमधील संग्रहालयांतून च्यांग्सू प्रांताच्या किनाऱ्यावर, ताफेंग येथे सोडली. नव्वदच्या दशकात बीजिंगच्या कळपातली काही यांगत्सेकाठी शिशोऊ येथे राखीव जागेत नेण्यात आली. आता चीनमध्ये मीलूंची संख्या हजारांत मोजतात.

शिशोऊच्या राखीव रानालाही कुंपण होते. १९९८ च्या उन्हाळ्यात यांगत्सेला महापूर आला आणि पाणी कुंपणावरून वाहू लागले. मीलूचे खूर रुंद असतात, दलदलीसाठीच घडलेले, आणि पोहण्यात त्याचा हात धरणारे हरीण नाही. काही कळप पोहत बाहेर पडले आणि नदी ओलांडून दक्षिण तीरावर गेले. या वेळी त्यांना कोणी मारून खाल्ले नाही. पाणी ओसरल्यावर त्यांतली सगळी परत आली नाहीत. यांगत्सेच्या पलीकडे, दोंगतिंग सरोवराभोवतीच्या लव्हाळ्यांत ती राहू लागली, आणि तेथे त्यांना पिल्ले होत आहेत.